पाच डेसिबलने काय बिघडते?
(लॉगॅरिथमच्या समीकरणांचा एक पाठ)



लॉगॅरिथम शिकविताना दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो, "सर, याचा आयुष्यात उपयोग काय?" याचे उत्तर मला चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीने दिले. संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या एका विद्यार्थ्याचे वडील तेथील एका कारखान्यात पत्रा दाबण्याच्या प्रेसवर कामाला होते. घरी ते मोठ्याने बोलत, टीव्हीचा आवाज वाढवून ठेवीत आणि म्हणत, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत." पुढे शॉपमध्ये नवे यंत्र बसले आणि आवाज ९० डेसिबलवरून ९५ वर गेला. कामगारांनी तक्रार केली तेव्हा त्यांना सांगण्यात आले, "नव्वदचे पंच्याण्णव झाले, पाचाने काय बिघडते?" मुलाने तोच प्रश्न वर्गात विचारला. सदर पाठ म्हणजे त्याचे उत्तर होय.

डेसिबल म्हणजे काय?

ध्वनी ही हवेतील दाबाची लाट आहे. एका चौरस मीटरवर ही लाट दर सेकंदाला जेवढी ऊर्जा आणते, तिला ध्वनीची तीव्रता म्हणतात. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची तीव्रता १ वॉटचा एक लाख कोटीवा भाग, म्हणजेच १० चा उणे १२ वा घात, इतकी धरतात. हिला आपण मूळ तीव्रता म्हणू. कान दुखू लागतात तो आवाज सुमारे १ वॉटचा असतो. एवढा मोठा पल्ला साध्या आकड्यांत मावत नाही, म्हणून येथे घातांक मोजतात. १० चा कितवा घात केला असता दिलेली संख्या येते, ते सांगणारा आकडा म्हणजे तिचा लॉग. १०० चा लॉग २, १००० चा लॉग ३.

सूत्र पहिले : पातळी = १० × लॉग (तीव्रता ÷ मूळ तीव्रता)

उदाहरण १. पातळी ९० डेसिबल असेल तर तीव्रता किती?
९० = १० × लॉग (तीव्रता ÷ मूळ तीव्रता)
दोन्ही बाजूंना १० ने भागले असता लॉग = ९.
आता लॉग काढून टाकावयाचा. त्यासाठी उजवीकडचा ९ हा १० चा घातांक करावा. म्हणून तीव्रता ही मूळ तीव्रतेच्या १० चा ९ वा घात, म्हणजे १०० कोटी पट आहे. मूळ तीव्रतेने गुणून उत्तर येते ०.००१ वॉट प्रति चौरस मीटर.

उदाहरण २. ९० चे ९५ झाले तर तीव्रता किती पट झाली?
५ = १० × लॉग (पट)
लॉग (पट) = ०.५
पट = १० चे वर्गमूळ = ३.१६

म्हणजे 'फक्त पाच' वाढले असे दिसते, पण कानावर पडणारी ऊर्जा तिपटीहून अधिक होते!

येथे विद्यार्थी एक चूक नेहमी करतात. ९० डेसिबलची दोन यंत्रे एकत्र चालली तर १८० डेसिबल होत नाहीत. बेरीज तीव्रतेची होते, डेसिबलची नव्हे. तीव्रता दुप्पट होते, २ चा लॉग ०.३०१०, म्हणून पातळी केवळ ३ ने वाढून ९३ होते.

लाटेचा आयाम

लाटेतील दाब सरासरीपासून जास्तीत जास्त जेवढा वरखाली होतो, तो तिचा आयाम. तीव्रता ही आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वर्गाचा लॉग म्हणजे मूळ संख्येच्या लॉगची दुप्पट, म्हणून सूत्रातील १० च्या जागी २० येतात.

सूत्र दुसरे : पातळी = २० × लॉग (दाब ÷ मूळ दाब)

मूळ दाब २० मायक्रोपास्कल धरतात. हा परिणामी दाब होय. प्रत्यक्ष आयाम परिणामी दाबाच्या १.४१ पट असतो.

उदाहरण ३. ९० डेसिबलच्या लाटेचा आयाम काढा.
९० = २० × लॉग (पट), म्हणून लॉग = ४.५ आणि पट = ३१,६२३.
परिणामी दाब = ०.६३२ पास्कल; आयाम = ०.८९ पास्कल.
वातावरणाचा दाब सुमारे १ लाख पास्कल असतो. त्यात एका पास्कलहूनही कमी चढउतार झाला तरी कानाला तो रोज आठ तास सोसवत नाही, इतका कान नाजूक आहे.

भूकंपाचे मापनही लाटांच्या आयामाच्या लॉगवरच उभारलेले आहे. तेथे १ अंक वाढला की आयाम दहापट होतो. आपल्या मराठवाड्यातील किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) ६.२ चा, तर भूजचा (२६ जानेवारी २००१) ७.७ चा. फरक दीडचा, पण १० चा १.५ वा घात म्हणजे ढोबळमानाने आयाम ३२ पट! ६.२ नेही किल्लारीत काय झाले, ते आपण जाणतोच.

मूळ प्रश्नाकडे

कारखाने अधिनियम, १९४८ खालील नियमांनी घालून दिलेली मर्यादा अशी होती : ९० डेसिबलला दिवसाचे ८ तास, ९५ ला ४, १०० ला २ आणि १०५ ला १ तास. म्हणजे पाच डेसिबल वाढले की कामाची वेळ निम्मी! अमेरिकेतील नियॉश या संस्थेची शिफारस याहून कडक आहे. ८५ डेसिबलला ८ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने ९५ डेसिबलमध्ये केवळ ४८ मिनिटे थांबता येते.

आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे स, श, फ यांसारखी अक्षरे हरवतात. 'आवाज येतो, शब्द कळत नाहीत' याचे कारण हेच. गोंगाटाने येणाऱ्या या बहिरेपणाचा समावेश १९४८ च्या अधिनियमात कळविण्याजोग्या रोगांच्या यादीत झाला होता.

सरावासाठी

१. प्रत्येकी ८४ डेसिबलची चार यंत्रे एकत्र चालल्यास पातळी किती?
२. ९० डेसिबलच्या शॉपमध्ये नवे यंत्र येऊन ९५ झाले. नव्या यंत्राचा एकट्याचा आवाज किती?
३. कानातील प्लगने २० डेसिबल कमी झाले, तर तीव्रता व आयाम कितवा भाग उरतात?
४. मोकळ्या मैदानात कर्ण्याचा आवाज १ मीटरवर १०० डेसिबल आहे. अंतरानुसार तो २० × लॉग (अंतर) इतका घटतो. निवासी भागाची २००० सालच्या नियमांतील दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ किती अंतरावर गाठली जाईल?

उत्तरे : (१) ९०. (२) सुमारे ९३.३. (३) तीव्रता शंभरावा, आयाम दहावा भाग. (४) सुमारे १७८ व ५६२ मीटर. आपल्या कार्यक्रमांचे कर्णे लावतानाही हे चौथे उदाहरण आठवावे. शेजारी कोणाचा तरी मुलगा परीक्षेचा अभ्यास करीत असतो.

त्या विद्यार्थ्याने उदाहरण २ एका कागदावर स्वच्छ अक्षरात मांडून वडिलांच्या हाती दिले. कामगारांनी तो अर्जाला जोडला. पुढे त्यांना कानातले प्लग मिळाले. वडिलांचे गेलेले ऐकणे परत आले नाही. पण त्यांच्या शेजारच्या प्रेसवरील तरुणांचे कान वाचण्याची सोय झाली.

मित्रांनो, कोणी लहान आकडा दाखवून 'एवढ्याने काय बिघडते' म्हणाला, तर गप्प बसू नका. तो आकडा साधा आहे की लॉगचा, हे आधी विचारा. आणि लॉगचा असेल तर कागद-पेन्सिल घेऊन स्वतः सोडवून पाहा.