पाळणाघर, पाऊस आणि अडकलेले पालक

प्रश्न : ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारतीत तळमजल्यावर पाळणाघर चालवते. घरात पाणी शिरलं तर मुलांना कुठे न्यावं?

उत्तर : ताई, आधी इमारतीची खात्री करा. ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे नौपाड्यातच कृष्णा निवास ही इमारत कोसळली आणि १२ जणांचा जीव गेला. महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत तुमची इमारत ‘सी-१’ (म्हणजे अतिधोकादायक) असेल, तर तिथे पाळणाघर एक दिवसही नको. इमारत भक्कम असेल, तर पाण्यातून बाहेर पडण्यापेक्षा वर जा. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आजच बोलून ठेवा. पाणी उंबऱ्याशी येण्याआधीच मेन स्विच बंद करा. तान्ही मुलं उचलायला दुसरं मोठं माणूस हवंच.

२६ जुलै २००५ ला अतिवृष्टीने लोकल ठप्प झाल्या, कित्येक पालक रात्रभर घरी पोचले नाहीत. म्हणून मुक्कामाची तयारी ठेवा : प्रत्येकाचं दूध, औषध, लंगोट, प्यायचं पाणी, टॉर्च. पालकांचे नंबर कागदावर लिहा, मोबाइल बंद पडतो. पालकांनी लेखी कळवलेल्या माणसाखेरीज कुणाच्याही हाती मूल देऊ नका, चेहरा ओळखीचा असला तरी. आणि जूनआधी एकदा सगळ्यांना जिना चढवून किती वेळ लागतो ते बघा.