मुक्त आज्ञावली आणि वापरकर्त्यांचे मंडळ

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत बेला हे मंडलाचे ठिकाण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली. प्रांतांच्या सीमा बदलल्या, तरी या कापूसपट्ट्यातील घराघरांतून बोलली जाणारी मराठी टिकून राहिली. अशा एखाद्या गावाने बाजारभाव, शाळेच्या सूचना आणि ग्रामवाचनालयातील पुस्तकांची सूची मराठी व तेलुगू अशा दोन्ही भाषांत संकेतस्थळावर आणावयाचे ठरविले, तर दोन प्रश्न उभे राहतात. ते कोणत्या साधनाने उभारावे आणि उभारल्यानंतर कोणी सांभाळावे? मुक्त आज्ञावली व तिच्या वापरकर्त्यांची स्थानिक मंडळे यांचा अभ्यास या दोन्ही प्रश्नांच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.

मुक्त म्हणजे मोफत नव्हे

संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. ती वापरण्याचे, तिची मूळ संहिता अभ्यासून तीत बदल करण्याचे, तिच्या प्रती इतरांस देण्याचे आणि सुधारलेली प्रतही वाटण्याचे, असे चारही अधिकार ज्या आज्ञावलीच्या परवान्यात दिलेले असतात, ती मुक्त आज्ञावली होय. तिची किंमत आकारता येते. अधिकार मात्र काढून घेता येत नाहीत. ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन स्वतंत्र शब्द मराठीत असल्याने हा भेद समजण्यास अडचण पडू नये. या विचाराला अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाच्या रूपाने चालना दिली. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी युरोपातील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेने जागतिक जालाची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली.

एक बोधप्रद उदाहरण

परवान्यातील या अधिकारांचे मोल कळण्यास ‘वर्डप्रेस’चा इतिहास पुरेसा आहे. संकेतस्थळे चालविण्यासाठी मिशेल वाल्द्रिगी यांनी ‘बी टू’ नावाची आज्ञावली रचली होती. कालांतराने तिचे काम थंडावले व वापरकर्ते निराधार झाले. परंतु परवाना मुक्त होता. त्यामुळे अमेरिकेतील मॅट मुलेनवेग हा एकोणीस वर्षांचा तरुण व इंग्लंडमधील माइक लिटल या दोघा वापरकर्त्यांनी तीच संहिता हाती घेऊन सुधारली आणि २७ मे २००३ रोजी ‘वर्डप्रेस’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ कर्ता दूर झाला तरी काम थांबले नाही. मात्र केवळ परवाना होता म्हणून हे घडले, असे समजणे चुकीचे ठरेल. ती संहिता जाणणारी माणसे होती, म्हणूनच परवाना उपयोगी पडला.

मंडळांचे कार्य

अशी माणसे तयार करणे हेच वापरकर्त्यांच्या मंडळाचे कार्य होय. पुण्यात ‘ग्नू-लिनक्स’च्या वापरकर्त्यांचे मंडळ उभे राहिले. ‘ड्रुपल’ या आज्ञावलीचे आशियाई संमेलन फेब्रुवारी २०१६ मध्ये पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भरले, तर २०१७ साली नागपूर येथे ‘वर्डप्रेस’प्रेमींचा मेळावा झाला. तेलंगणात हैदराबादच्या ‘स्वेच्छा’ या संस्थेने तेलुगू भाषेतील संगणक-प्रणालीचे काम केले आहे. मोठी संमेलने वर्षा-दोन वर्षांनी भरतात. खरे शिक्षण घडते ते दहा-पंधरा जणांच्या मासिक बैठकीत. एकाने आपली अडचण मांडावी, दुसऱ्याने ती सोडवून दाखवावी आणि तिसऱ्याने त्याची नोंद ठेवावी, अशी साधी रीत तेथे असते.

भाषेचे काम हेही अशा मंडळाचेच. पूर्वीच्या अनेक टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. तोच टंक दुसऱ्या संगणकावर नसला की मराठी मजकुराचे निरर्थक चिन्हांत रूपांतर होई. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देऊन ही आपत्ती दूर केली. तथापि मराठीतील ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडले. भाषेची नेमकी गरज तिचा नित्य वापर करणाऱ्यांनाच जाणवते. आज्ञावलीच्या भाषांतरातही हाच अनुभव येतो. संकेतस्थळावरील ‘होम’ या शब्दासाठी ‘घर’ लिहिल्यास वाचक गोंधळतो. ‘मुखपृष्ठ’ लिहिल्यास त्याला वाट सापडते. असे निर्णय एकट्याने घेण्यापेक्षा चर्चेने घेतलेले बरे.

बेल्यासारख्या ठिकाणी

लहान गावात संकेतस्थळ बहुधा एखादा जाणता तरुण उभारतो. गुप्त परवलीचा शब्द त्यालाच ठाऊक, वार्षिक नूतनीकरणाची तारीखही त्याच्याच लक्षात. तो नोकरीनिमित्त हैदराबादला वा पुण्याला गेला, की काही महिन्यांत ते स्थळ बंद पडते आणि त्यासोबत गावाने लिहिलेले सारे नाहीसे होते. आज्ञावली मुक्त असली, तरी ती जाणणारा एकच असेल तर गाव परावलंबीच राहते.

यास्तव प्रारंभी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, किमान तिघांना कारभाराचे अधिकार व कार्यपद्धतीचे ज्ञान असावे. दुसरी, संपूर्ण मजकुराची प्रत दर महिन्यास काढून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. तिसरी, आज्ञावलीच्या सुरक्षाविषयक सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात. यासाठी इमारत नको की अनुदान नको. शाळेतील वा वाचनालयातील एक संगणक, पाच-सहा उत्सुक माणसे आणि महिन्यातील एक सायंकाळ पुरते.

भजनी मंडळात एक गायक गावाबाहेर गेला म्हणून भजन थांबत नाही. दुसरा टाळ उचलतो. संगणकाच्या विद्येतही असा दुसरा हात वेळीच तयार ठेवणे, हाच या अभ्यासाचा सारांश होय.