आकाशांतील पांखरें व मोबाईलचे टॉवर

शास्त्रपाठ: यिर्मया 8:7; नीतिसूत्रें 18:17; मत्तय 10:29.

यिर्मया संदेष्ट्यानें लोकांची कानउघाडणी करितांना ऋतूप्रमाणें येणाऱ्या-जाणाऱ्या पक्ष्यांचा दाखला दिला आहे. त्यांना आपली वेळ कळते. देवाच्या लोकांना मात्र त्याचा न्याय कळत नाहीं. दौंडाकडील मंडळ्यांना हा दाखला फोडून सांगावयास नको. भीमेवरील उजनी धरण 1980 सालीं पुरें झाल्यापासून त्याचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो, आणि भिगवणच्या बाजूस दर हिंवाळ्यांत रोहित व हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उतरतात.

ह्याच मुलखांत, शिरूरच्या माळावर काय आणि दौंडाच्या उसांत काय, गांवोगांव मोबाईलचे टॉवर उभे राहिले, व त्यांच्यामागून एक बोलणेंहि पसरलें कीं, टॉवरच्या लहरींनीं चिमण्या मेल्या. 2018 च्या एका मोठ्या चित्रपटानें तें घरोघर नेलें. पहिल्यानें बोलणाऱ्याचा पक्ष खरा भासतो, पण दुसरा येऊन त्याची तपासणी करितो, असें नीतिसूत्रांत आहे. उपदेशकानें ही गोष्ट व्यासपीठावरून सांगण्यापूर्वीं तशी तपासणी करावी.

2020 सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल निघाला. त्यांत असें दिसलें कीं, पंचवीस वर्षांत चिमणी मोठ्या शहरांत कमी झाली, पण सबंध देशाचा हिशेब घेतां तिची संख्या बहुतेक स्थिर आहे. टॉवर तर सर्व देशभर आहेत! शहरांत काय गेलें? कौलांखालच्या व वाशांच्या फटी गेल्या, आणि पिलांना पहिल्या दिवसांत भरवावयाच्या अळ्या गेल्या.

मग लहरींचा कांहींच परिणाम नाहीं काय? तसेंहि म्हणवत नाहीं. जर्मनींतील ओल्डेनबर्ग येथील विद्वानांनीं 2014 सालीं दाखविलें कीं, रॉबिन नांवाचा लहान पक्षी पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखतो, आणि शहरांतील विद्युत्-गोंगाटांत तो चुकतो. त्याच्या खोपटास अॅल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशीं जोडतांच त्याला दिशा पुन्हां सांपडली. परंतु त्याला चुकविणाऱ्या लहरी जुन्या मध्यम-लहरी रेडिओच्या जातीच्या होत्या. मोबाईलच्या लहरींची कंपनसंख्या त्यांहून शंभरपटीनें अधिक असते. तेव्हां ह्या प्रयोगावरून मोबाईलच्या टॉवरला दोषी ठरवितां येत नाहीं.

टॉवरची जी हानि निश्चित ठाऊक आहे ती दिव्यानें व तारांनीं होते. ढगाळ रात्रीं प्रवासी पांखरें एकसारख्या जळणाऱ्या लाल दिव्याभोंवतीं अडकून घिरट्या घालतात, ताणाच्या तारांवर आपटतात किंवा थकून पडतात. अमेरिका व कॅनडा मिळून दरसाल सुमारें 68 लाख पक्षी असे मरतात, असा 2012 चा अंदाज आहे. आणि उपाय पाहा किती सोपा! मिशिगन प्रांतांत स्थिर दिवे काढून फक्त लुकलुकणारे ठेवले, तों मरणारे पक्षी निम्म्याहून कमी झाले. 2015 सालीं तिकडे दिव्यांचे नियमहि बदलले. अर्थात् तिकडचे पुष्कळ टॉवर फार उंच व तारांनीं ताणलेले असतात. आपल्या गांवचा बहुधा स्वतःच्या पायांवर उभा असतो, आणि त्यावर कावळे व घारी घरटींहि बांधतात. म्हणून तिकडचा आंकडा आपल्यावर चिकटवूं नये.

आपल्या सरकारनें 2010 सालीं पक्षितज्ज्ञ असद रहमानी ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली होती. तिच्या अहवालानंतर 2012 सालीं पर्यावरण मंत्रालयानें सल्ला दिला कीं, असलेल्या टॉवरपासून एक किलोमीटरच्या आंत नवा उभारूं देऊं नये, व पक्ष्यांच्या उड्डाणमार्गांत अडथळा होऊं नये.

मंडळीच्या आवारांत टॉवर उभारूं द्या, भाडें देऊं, असें कोणी विचारलें म्हणजे पंचांपुढें खरी अडचण उभी राहते. भाड्यांतून प्रार्थनामंदिराचें छप्पर होईल; तें नाकारण्यासाठीं चिमण्यांची खोटी साक्ष पुढें करूं नये. ज्या प्रभूनें चिमणीचें मोल सांगितलें त्याच्या नांवें तर नाहींच. परंतु करार करण्यापूर्वीं विचारावें: जवळ दुसरा टॉवर किती अंतरावर आहे? रात्रीं दिवा कोणता लागणार, स्थिर कीं लुकलुकता? खालचे दिवे जमिनीकडे वळविलेले असतील काय? जवळ तळें किंवा नदीचें पात्र आहे काय? उत्तरें लेखी घ्यावीं. टॉवर आधींच उभा असेल तर धुक्याच्या रात्रीनंतर सकाळीं रविवारच्या शाळेच्या दोन मोठ्या मुलांना सोबत घेऊन उपदेशकानें त्याच्या पायथ्याशीं फिरावें, आणि मेलेलें पांखरूं दिसो वा न दिसो, तारीख घालून वहींत लिहून ठेवावें.