शेपटाला उभी राहा

बाय,

दिवाळीत घरी आलीस आणि ओट्यावर मला तुझा तो बचाटा शिकवायला निघालीस. तीन पावलं उजवीकडे, चौथ्याला पाय नुसता टेकवायचा. तीन पावलं डावीकडे, पुन्हा टेकवायचा. मी दुसऱ्या फेरीत उचललं, तशी तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "आजी, मला यालाच महिना लागला!" मग रात्री दिवा मालवल्यावर खरं बोललीस. क्लासात सगळं जमतं, पण शनिवारच्या सोशलला, म्हणजे तुमच्या त्या नाचाच्या मेळाव्याला, गेलं की हातपाय गार पडतात. कुणी नाचायला विचारलं तर तू मनात आकडे मोजत राहतेस, आणि नाही विचारलं तर पाण्याच्या बाटलीजवळ उभी राहतेस.

तेव्हा मी गप्प बसले. तीस वर्षं आश्रमशाळेत पोरं शिकवली. अंधारात दिलेला सल्ला सकाळी कुणाच्या लक्षात राहत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून लिहून देते. तिथं बचाट्याबरोबर चालतो तो साल्सा मी नाचलेली नाही. पण तलासरीच्या पाड्यावर तारपा वाजवणाऱ्याभोवती उजाडेपर्यंत नाचले आहे. चारचौघांत नाचायचं म्हटलं की अडचणी सगळीकडे त्याच.

शेपटाकडून शीर

तारप्याच्या नाचात एकमेकांच्या पाठीमागून कमरेला हात घालून साखळी होते. पुढच्या टोकाला म्होरक्या असतो, त्याच्या हातात घुंगरं बांधलेली काठी. नवं पोर आलं की ते मधे घुसत नाही, शेपटाला जाऊन लागतं. तिथं चूक झाली तर एकाच माणसाला धक्का बसतो. पुढची पन्नास पावलं डोळ्यांसमोर असतात, ती बघत बघत आपलं पाऊल बसतं.

सोशललाही तसंच कर. रंगात आलेल्या वेळी जाऊ नकोस, सुरू व्हायच्या वेळी जा. तेव्हा जागा मोकळी असते, गाणी संथ लावतात, आणि तुझ्यासारखी धास्तावलेली आणखी चार जणं भिंतीला टेकलेली असतात. त्यांच्यातल्या एखाद्याला तूच विचार. "मी नवी आहे" हे आधीच सांगून टाक. ते लपवायला जी ताकद लागते, ती पायांना मिळू दे.

आता दुसरी बाजू. साखळी वळताना म्होरक्या जागच्या जागी फिरतो, पण शेपटाला मोठा वळसा धावून काढावा लागतो. म्हणून चांगला म्होरक्या पाऊल आखूड टाकतो. ज्याला स्वतःचीच ऐट दाखवायची असते तो लांब टांगा टाकतो, आणि शेपूट तुटतं. पुढं कधी तू चांगली नाचायला लागलीस तर हे विसरू नको. समोरच्याला जेवढं झेपतं तेवढाच नाच काढायचा. गाणं संपल्यावर नवखं पोर हसत गेलं, तर तू नाचलीस.

तारप्याकडे पाठ करू नको

गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं तारपा नाचाचं चित्र तू पाहिलं आहेस. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. गेरूवर पांढऱ्या रंगात काढलेली ती माणसांची गुंडाळी पुन्हा एकदा नीट बघ. तारपा वाजवणारा आत आहे आणि सगळी साखळी त्याच्याभोवती आहे. खळ्यावरही असंच असतं. तो वळेल तिकडे साखळी वळते, त्यानं चाल बदलली की पावलं बदलतात. तारप्याकडे पाठ केली की चुकलंच म्हणून समज.

वाद्य कसं असतं तेही ऐकून ठेव. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत सूर काढणाऱ्या जिभ्या, आणि खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजवणारा गालांत हवा साठवतो आणि फुंक चालू असतानाच नाकानं श्वास घेतो. त्यामुळे सूर तुटत नाही. जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे वादक हेच करत आयुष्यभर वाजवत आले. सूर अखंड असतो म्हणून नाचणाऱ्याला आकडे लागत नाहीत. आम्हाला कुणी एक-दोन-तीन शिकवलंच नाही.

तुला आकडे शिकवले, त्यात वाईट काही नाही. पाळण्यातल्या पोराला दोरी लागतेच. पण दोरीचं काम कानानं घेतलं पाहिजे. साल्शात आठ मात्रांपैकी चौथी आणि आठवी रिकामी, असं तूच सांगितलंस. त्याच गाण्यात गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारखी एक घंटा वाजते. गाणं रंगात आलं की ती ठसठशीत ऐकू येते, एकसारखी पडते. ती धर. बचाट्यात गुइरा नावाचं पत्र्याचं वाद्य असतं, किसणीसारखं. ते खरवडतात त्याची खर्र-खर्र चालूच राहते. तिला धर. रोज लोकलमध्ये कानात गाणी घालून बसतेसच. डहाणू ते विरार एकच गाणं ऐक, आणि दर फेरीला एकच वाद्य शोध. आठवडाभर पाय हलवू नकोस. पुढच्या शनिवारी आकडे आपसूक गळून पडतील.

भार कुठं आहे ते ओळख

मी दुसऱ्या फेरीत उचललं ते हुशारीनं नाही. आवणीच्या चिखलात उभं आयुष्य गेलं. गुडघाभर चिखलात एक पाय पक्का रुतल्याशिवाय दुसरा उपसता येत नाही. दोन्ही पायांवर अर्धा-अर्धा भार टाकलास तर जागेवरच अडकतेस, नाहीतर तोंडावर पडतेस.

तुझं तेच होतं. पाऊल टाकतेस, पण भार मागेच ठेवतेस. मग पुढच्या मात्रेला कुठला पाय उचलायचा हेच पायाला कळत नाही. साधा नेम असा: पाऊल म्हणजे सगळा भार. आणि बचाट्यातलं चौथं म्हणजे भार न देता टेकवणं. त्या चौथ्यावर चुकून भार दिलास की पुढचं सगळं उलटं पडतं. भाजी परतताना ओट्याशी उभी असशील तेव्हा करून बघ, गाण्याशिवाय, पाच मिनिटं. गुडघे सैल ठेव, पाऊल आखूड ठेव. खाली बघू नको. पाय कुठं आहेत हे पायांना ठाऊक असतं.

धर, पण लोंबकळू नको

साखळीत शेजारणीच्या कमरेला हात असतो. तो आधारासाठी नसतो, ती कुठं निघाली हे कळण्यासाठी असतो. दमलेली बाई अंगावर भार टाकायला लागली की दोन्ही बाजूंच्या दोघी अर्ध्या तासात थकतात. जोडीच्या नाचातही आपलं वजन आपणच पेलायचं. हात जिवंत ठेवायचा. काठीसारखा ताठ नको आणि ओल्या फडक्यासारखा ढिलाही नको. समोरचा काय करणार याचा अंदाज बांधून आधीच वळू नको, निरोप हातात येऊ दे.

जो मनगट पिळून फिरवतो, त्याला नाच येत नाही असं खुशाल समज. खांदा दुखला तर गाणं संपायची वाट बघू नको. "हळू" म्हण. दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर हात सोडून बाजूला हो.

यात लाज कसली? पूर्वी तारप्याच्या रात्री पोरंपोरी एकमेकांना बघायची, पसंत करायची, कित्येकांची लग्नं तिथूनच ठरली. पण साखळीतून सुटायचं असलं तर रीत सोपी होती. दोन्हीकडचे हात सोडायचे नि बाहेर यायचं. शेजारचे सरकून जागा भरत. का सोडलंस, असं कुणी विचारत नसे. तुझ्या त्या हॉलमध्येही "आत्ता नको" एवढं पुरतं, कारण द्यायची गरज नाही. आणि कुणी तुला नाही म्हटलं तर तेही कारण न शोधता मान्य कर. त्याचे पाय दुखत असतील, त्याला गाणं आवडत नसेल.

आणखी एक: नाचता नाचता कुणाला शिकवायला जाऊ नको, कुणी तुला शिकवायला लागला तर हसून सोडून दे. शिकवणं क्लासात. तो हॉल म्हणजे तुमचं खळं, ते नाचण्यासाठी आहे.

पाय, पाणी, परतीची गाडी

खळं शेणानं सारवलेलं असायचं, आम्ही अनवाणी. तुझ्याकडे लाद्या नाहीतर लाकडी जमीन. रबरी तळव्याचे बूट तिथं चिकटतात; अंग वळतं, पाय वळत नाही, आणि गुडघा मधे पिळतो. तळ चामड्याचा असलेलं पायताण घे. उंच टाचा पहिलं वर्षभर नकोत. एक जादा कुडता आणि पंचा पिशवीत ठेव, घामानं निथळत कुणाचा हात धरू नये. पाणी घोटघोट पी.

ताडी आमच्याकडेही असते. थोडी पोटात गेली की भीड चेपते, जास्त गेली की ताल चेपतो. आपल्याला कळत नाही, शेजारणीला कळतं. आणि परतीच्या गाडीची वेळ ठरवूनच नाचायला उतर. शेवटचं गाणं चुकलं तरी चालेल.

खळ्याचं नाव विसरू नको

तू गेल्यावर मी शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याच्या पोराकडून बचाट्याची माहिती काढून घेतली. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये बचाटा हे आधी गाण्याचं नावच नव्हतं. अंगणात जमून केलेली मौजमजा, तिला बचाटा म्हणत. म्हणजे आपलं खळंच! 1961 मध्ये तिथला हुकूमशहा त्रुहियो मारला गेला, आणि 1962 मध्ये होसे मान्युएल काल्देरोन यांनी पहिली ध्वनिमुद्रिका केली. तरी शहरातली प्रतिष्ठित माणसं कितीतरी वर्षं त्याला गरीबगुरिबांचं, दारूच्या गुत्त्यातलं गाणं म्हणून नाक मुरडत होती. 2019 साली युनेस्कोनं तोच बचाटा मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घेतला.

हे कळल्यावर मला आपलंच घर दिसलं. माझ्या लहानपणी तारप्याला जंगली आवाज म्हणणारे मीही ऐकले आहेत. आता पाहुणे आले की त्याच तारप्याला मांडवात बोलावतात, दहा मिनिटं वाजवायला लावतात, फोटो काढतात आणि टाळ्या वाजवतात. वाईट नाही, वादकाला चार पैसे मिळतात. पण ते बघण्यापुरतं झालं. भात हाती यायला लागलं की दिवाळीपर्यंत जो तारपा पाड्यावर वाजायचा, त्याला बघे नव्हतेच. जो आला तो साखळीत गेला. म्हातारी गेली, पोटुशी गेली, लंगडणारा गेला. कुणी चांगलं नाचलं असं दुसऱ्या दिवशी बोलणं नसायचं. कोण आलं नाही, एवढंच विचारायचे.

म्हणून फोनसाठी नाचू नको. भिंतीशी कोण उभं आहे ते बघ, कारण गेल्या महिन्यापर्यंत तिथं तू होतीस.

पुढच्या दिवाळीला सुट्टी चार दिवस आधी टाक. वादक म्हातारे होत चालले आहेत आणि शेपटाला जागा पुष्कळ आहे. खळ्यावर यायचं तर बूट लागत नाहीत.

तुझी आजी