लांब शब्दांची फोड

इयत्ता तिसरीतील एखादा मुलगा ‘घर’, ‘शाळा’, ‘शेत’ हे शब्द बिनचूक वाचतो. परंतु ‘शेतकऱ्यांजवळसुद्धा’ हा शब्द येताच तो थबकतो. शे, त, क असे एकेक अक्षर लावीत तो शेवटास पोहोचतो, तोवर आरंभ विसरलेला असतो. अशा मुलास मंद समजून मागे बसविले जाते. वस्तुतः त्यास अक्षरे येत असतात. शब्द कोठे तोडावा, हे त्यास कोणी दाखविलेले नसते.

वरील शब्दात लिहिलेली अक्षरे नऊ आहेत. उच्चारात त्यांचे सात तुकडे पडतात: शेत-क-ऱ्यां-ज-वळ-सुद्-धा. अर्थाचे भाग मात्र तीनच: शेतकऱ्यां, जवळ, सुद्धा. वाचनाच्या पाठात या तिसऱ्या फोडीकडे फारसे लक्ष दिले जात नाही, आणि खरी अडचण तेथेच असते. शिक्षकांनी शब्द फळ्यावर लिहून शेवटाकडून एकेक भाग हाताने झाकीत जावे. ‘सुद्धा’ झाकले की ‘शेतकऱ्यांजवळ’ हा पुरा शब्द राहतो. ‘जवळ’ही झाकले की ‘शेतकऱ्यां’ उरते. ते एकटे उभे राहत नाही. येथे “हे कोण?” असे विचारावे. मुले ‘शेतकरी’ असे सांगतील. सामान्यरूप ही संज्ञा त्या वेळी सांगण्याची घाई करू नये.

एका स्वरचिन्हाने केवढा फरक पडतो, हे लातूर जिल्ह्यातील मुलांस मांजरा नदीवरून सहज पटेल. ‘मांजरेच्या पाण्यात’ म्हटले की नदी, ‘मांजराच्या’ म्हटले की घरातील मांजर! त्याचप्रमाणे ‘लातूर’ आणि ‘लातुरात’, ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’ हे शब्द टाळ्यांवर म्हणवून घ्यावेत. ‘वि-हीर’ला दोन टाळ्या, ‘वि-हि-रीत’ला तीन. 1962 साली शासनाने मान्य केलेल्या नियमांप्रमाणे ‘विहीर’मधील दीर्घ ‘ही’ सामान्यरूपात ऱ्हस्व होते, हे मग निराळे घोकावे लागत नाही. ‘शरीर’, ‘शरीरात’ यांसारख्या तत्सम शब्दांत मात्र दीर्घत्व टिकते.

देगलूर, बिलोली या भागांत ज्यांच्या घरी तेलुगू बोलली जाते, त्यांना ही रीत परकी नाही. तेलुगूत घर म्हणजे ‘इल्लु’, पण घरात म्हणजे ‘इंट्लो’; तेथेही मूळ शब्द रूप पालटतो. उदगीर, निलंगा या बाजूच्या कन्नड घरांतील मुले ‘मने’स ‘मनेयल्लि’ करतात. शिक्षकांनी ही रूपे मुलांकडूनच वदवून घ्यावीत. वर्गात एरवी गप्प बसणारा मुलगा येथे प्रथम बोलण्याचा संभव असतो.

फोडीची गोडी लागली की मुले भलतीकडेही तोडू लागतात. ‘घरात’मध्ये घर आहे, म्हणून ‘परात’ व ‘वरात’ यांतही ती ‘पर’ आणि ‘वर’ शोधतात. हे दोन्ही शब्द अखंड आहेत. अशा वेळी मुलास न रागावता पराती घरात काय उपयोगाची, ते विचारावे. कणीक मळण्याचे भांडे डोळ्यांपुढे आले की ‘परातीत’ या शब्दातील शेवटचा ‘त’ तेवढा प्रत्यय, हे त्याचे तोच सांगेल.