गिलानसेवेचे पाच गुण आणि थेरपिस्टची निवड



विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. तथागत आनंदासह भिक्खूंच्या निवासात फिरत असताना एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला दिसला. त्याच्याजवळ कोणीही नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. मग संघाला सांगितले की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. त्याच वेळी त्यांनी गिलानाची, म्हणजे आजाऱ्याची, सेवा करायला कोण योग्य याचे पाच गुणही सांगितले.

आता आपल्याकडे वळू. 1978 मध्ये मराठवाड्यात नामांतराच्या वेळी वस्त्या जळताना ज्यांनी लहानपणी पाहिल्या, ते आज पन्नाशी ओलांडलेले आहेत. त्यातले कोणी आज इंग्लंडमध्ये राहत असतील, तर 5 नोव्हेंबरच्या रात्री फटाके आणि शेकोटीचा धूर आला की त्यांची छाती धडधडू शकते. कोणाला अपघात, कोणाला घरातली मारहाण, कोणाला अत्याचार विसरता येत नाही. तेच दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर येणे, ती आठवण टाळत राहणे, मन सुन्न होणे, झोप उडणे, सतत दचकणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकून रोजचे जगणे अडवू लागली, तर तो पीटीएसडी असू शकतो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. ही जखम आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.

'आनापान करा, बरे वाटेल,' असे आपण पटकन सांगतो. आनापान हितकारकच आहे. पण ताज्या किंवा खोल आघातात डोळे मिटताच तीच दृश्ये अंगावर येऊ शकतात. अशा वेळी दीर्घ मौन शिबिराला बसण्याआधी तज्ज्ञाचा सल्ला घ्या.

हा तज्ज्ञ निवडायचा कसा? तेच पाच गुण कसोटीला लावा.

पहिला गुण : औषध तयार करता येणे. ब्रिटनमध्ये 'सायकोथेरपिस्ट' किंवा 'कौन्सेलर' ही पाटी कायद्याने कोणालाही लावता येते. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पदवी मात्र एचसीपीसीच्या नोंदणीशिवाय वापरता येत नाही. इतरांची नोंद बीएसीपी, यूकेसीपी किंवा बीएबीसीपीकडे आहे का, ते पाहा. आघातावरचे प्रशिक्षण विचारा. नाइसच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत आघातकेंद्री सीबीटी आणि ईएमडीआर या उपचारांची शिफारस आहे. साधारण 8 ते 12 बैठका लागतात. आघात अनेक असतील तर जास्त.

दुसरा गुण : हितकारक काय, अहितकारक काय हे कळणे. चांगला थेरपिस्ट पहिल्याच दिवशी सगळे उकरून काढत नाही. आधी तुम्हाला सावरायला शिकवतो, मग तुमच्या गतीने जातो.

तिसरा गुण : सेवा मैत्रीने करणे, लोभाने नव्हे. खाजगी थेरपिस्टने फी आणि बैठकांचा अंदाज आधीच सांगायला हवा. इंग्लंडमध्ये 18 वर्षांवरील व्यक्तीला जीपीच्या चिठ्ठीशिवाय 'एनएचएस टॉकिंग थेरपीज'कडे स्वतः नाव नोंदवता येते. ही सेवा मोफत आहे. प्रतीक्षा करावी लागू शकते, म्हणून नोंदणी लांबवू नका.

चौथा गुण : घाण उपसताना किळस न वाटणे. आपल्यासाठी ही कसोटी सर्वांत मोठी आहे. भारतीय थेरपिस्ट आडनाव विचारील ही भीती, आणि गोऱ्या थेरपिस्टला जात म्हणजे काय हेच कळणार नाही ही शंका, दोन्ही खऱ्या आहेत. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा : 'माझ्या आघाताचा जातीशी संबंध आहे. तुम्ही त्यावर माझ्यासोबत काम कराल का?' 'मला फारसे माहीत नाही, पण समजून घेईन,' म्हणणारा चालेल. 'आता जात कुठे राहिली?' म्हणणारा चालणार नाही. मराठीतच बोलायचे असेल तर एनएचएसकडे दुभाष्या मागा, तो मोफत मिळतो. आपल्या ओळखीतला नको असेल तर तसे स्पष्ट सांगा. मुलांना किंवा जोडीदाराला दुभाषी करू नका.

पाचवा गुण : धीर देता येणे. बैठकीनंतर थकवा येईल, रडूही येईल. पण चार-पाच बैठकांनंतरही त्या खोलीत सुरक्षित वाटत नसेल, तर तसे बोला. तरीही बदल झाला नाही तर थेरपिस्ट बदला. त्यात कृतघ्नपणा नाही.

तथागतांनी आजाऱ्याचेही गुण सांगितले आहेत. त्यातला एक म्हणजे सेवा करणाऱ्याला आपला आजार जसा आहे तसा सांगणे. परदेशात आपण आडनाव आखडते घेतो, गावाचे नाव टाळतो. ती सवय या एका खोलीच्या बाहेर ठेवा. जखमेचे कारणच झाकले तर औषध पोचणार कुठे?

जीव नकोसा झाला असेल तर थांबू नका. जिवाला धोका असल्यास 999, इंग्लंडमध्ये तातडीच्या मानसिक मदतीसाठी 111 लावून पर्याय 2, आणि फक्त कोणाशी बोलायचे असेल तर समॅरिटन्सचा 116 123 हा क्रमांक दिवसरात्र उघडा असतो.

आणि ज्यांना स्वतःला ही जखम नाही, त्यांनी कोणाला पहिल्या बैठकीला सोबत न्यावे, तेवढा वेळ त्यांची मुले सांभाळावीत, 'काय बोललात?' असे विचारू नये. आनंदाने पाणी आणले होते. आपल्याला तेवढे नक्की जमेल.

जय भीम! नमो बुद्धाय!