हिमनदीने मागे ठेवलेले सरोवर

नद्या वाहतात आणि डोंगर व सरोवरे मात्र जागच्या जागी असतात, असे आपण सहजपणे मानतो. या पाठात ज्या प्रदेशाची ओळख आपण करून घेणार आहोत, तेथे सरोवराचेही वय मोजता येते.

अलास्का हे अमेरिकेचे सर्वांत उत्तरेकडील राज्य. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर चुगाच राष्ट्रीय वन पसरलेले आहे. १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत ते स्थापन झाले. 'वन' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सागाची वा सालाची झाडी उभी राहते. येथे मात्र वनाचा सुमारे तीस टक्के भाग बर्फाखाली आहे. सह्याद्री ज्याप्रमाणे पावसाळी वारे अडवतो, त्याचप्रमाणे येथील पर्वत समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे अडवतात. फरक इतकाच, की येथे पावसाऐवजी बहुतेक हिमच पडते. वर्षानुवर्षे साचलेल्या हिमाचे थर स्वतःच्या भाराने दाबले जाऊन त्यांचा घट्ट बर्फ बनतो आणि तो उतारावरून हळूहळू सरकू लागतो. हीच हिमनदी.

या वनातील एका हिमनदीचे नाव आहे पोर्टेज. नावा आणि ओझी उचलून एका जलाशयापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याची जमिनीवरील वाट, असा या शब्दाचा अर्थ आहे. प्रिन्स विल्यम साउंड आणि कुक इनलेट या दोन सागरी भागांमध्ये ये-जा करताना तेथील मूळ रहिवासी, त्यांच्यामागून आलेले रशियन व्यापारी आणि पुढे सोन्याच्या शोधात निघालेले लोक या बर्फावरून वाट काढीत. आज ती वाट उरलेली नाही.

१९१४ च्या सुमारास हिमनदीचे मुख दरीत बरेच पुढे होते. तिने वाहून आणलेल्या दगडमातीची रास, म्हणजेच हिमोढ, आजही तेथे दिसते. त्यानंतर हिमनदी मागे हटत गेली. तिने कोरून ठेवलेल्या खोल दरीत पाणी साचले आणि पोर्टेज सरोवर निर्माण झाले. आपल्या पणजोबांच्या तरुणपणी जेथे केवळ बर्फ होता, तेथे आज सुमारे दोनशे मीटर खोल पाणी आहे.

१९८६ मध्ये त्या हिमोढावर प्रवाशांसाठी एक माहिती केंद्र उघडण्यात आले. काचेच्या भिंतीतून समोर हिमनदी दिसावी, ही त्यामागील योजना. परंतु दहा वर्षांच्या आतच हिमनदी डोंगराच्या वळणाआड गेली. केंद्र जागेवर राहिले. जिच्यासाठी ते बांधले, ती दिसेनाशी झाली. आता तिचे दर्शन घ्यायचे तर सरोवर ओलांडावे लागते किंवा खिंड चढावी लागते.

ती इतक्या वेगाने का हटली? वातावरण तापले म्हणून, हे उत्तर खरे आहे; पण अपुरे आहे. जमिनीवर संपणारी हिमनदी मुख्यतः वितळते. खोल पाण्यात संपणाऱ्या हिमनदीचे मात्र कडेच्या कडे तुटून पाण्यात कोसळतात आणि त्यांचे हिमनग बनतात. पोर्टेज हिमनदी आपणच खोदलेल्या खोल पाण्यात उभी होती. सरोवराच्या पलीकडच्या टोकाशी पोहोचल्यावर तिचा वेग मंदावला, यावरून हे ध्यानात येते.

याच वनालगत कोलंबिया ही हिमनदी थेट समुद्रात उतरते. १९८० च्या सुमारास ती मागे हटू लागली आणि आजवर वीस किलोमीटरांहून अधिक अंतर हटली आहे. तिचे हिमनग जहाजांच्या मार्गात येत. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज हिमनग टाळण्यासाठी ठरलेला मार्ग सोडून गेले, वेळेत परत वळले नाही आणि ब्लाय या खडकावर आदळले. सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात सांडले. हजारो समुद्रपक्षी व पाणमांजरे मेली आणि मासेमारीवर जगणाऱ्या गावांचा रोजगार बुडाला. दोष बर्फाचा नव्हता, जहाज चालवणाऱ्यांचा होता. तथापि दूरच्या हिमनदीतील हालचाल माणसाच्या पोटापाण्यापर्यंत कशी पोहोचते, हे त्या रात्री दिसले.

बर्फ हटल्यावर उघड्या पडलेल्या दगडांवर प्रथम शेवाळ धरते, मग वाळुंजासारखी झुडपे येतात आणि कित्येक वर्षांनी स्प्रूसची उंच झाडे उभी राहतात. दरीतील थंड ओढ्यांत सॅल्मन मासे अंडी घालण्यासाठी समुद्रातून परततात. (आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, तो मासा वेगळा.) हिमनदीच्या बर्फात काळसर, दोऱ्याएवढे बारीक हिमकृमीही राहतात. शून्य अंशाच्या आसपास ते सुखाने जगतात. थोडी ऊब मिळाली तरी मरतात. बर्फ मागे हटतो तशी सॅल्मनला नवी जागा मिळू शकते. हिमकृमींना मात्र जाण्यासाठी दुसरी जागा नाही.

विचार करून लिहा

माहिती केंद्रातून हिमनदी दिसेनाशी का झाली, ते तुमच्या शब्दांत सांगा.

जमिनीवर संपणारी आणि पाण्यात संपणारी हिमनदी यांतील फरक स्पष्ट करा.

तुमच्या परिसरातील एखादी नदी, तळे किंवा टेकडी गेल्या पन्नास वर्षांत कशी बदलली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.